वाऱ्याचं कोपर

वीबं होक्स्ट्राच्या शेडमधला भुसा
ब्लॅकवुडचा. बारीक, तपकिरी,
चाळून घेतलेल्या चहाच्या भुकटीसारखा.
जुलैभर तो रात्रीबेरात्री उठून बसायचा
आणि ह्यूऑन नदी ओलांडावी तसा त्याचा खोकला
दोन कुंपणं ओलांडून माझ्या खिडकीशी यायचा.

मोटर होती. पिंप होतं. पंखा होता.
नव्हते ते जोड.
मेलबर्नहून बोटीनं येणारं एक बेचकं
अर्ध्या मोटरच्या किमतीचं,
तशी चार हवीत, वर कोपरं सहा.
वीबंनं यादीची घडी केली, पुन्हा उलगडली,
म्हणाला, व्हर्ना, तुझा बाप पत्र्याचं काम करायचा ना?

करायचा. पन्हळी, धुराडी,
सफरचंदं धुवायच्या लांबलचक टाक्या.
त्याची कातर मी अजून तेल लावून ठेवते.
कशाला, ते कुणी विचारलं नव्हतं.

बाप म्हणायचा, नळी तिरकी काप,
मग उलगडून जमिनीवर टाक.
सरळ कापलीस, तरी लाट होऊन पडेल.
मला तेव्हा ती थट्टा वाटायची.
आज कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर
घेराचे बारा भाग पाडते,
बारा उंच्या मोजते, बारा टिंबं,
पातळ पट्टी वाकवून त्यांवरून पेन्सिल ओढते
आणि टेबलावर भरती येते.
एकदाच चढते. एकदाच उतरते.
बापाला शाळा चौथीपर्यंतच.

वाऱ्याला काटकोन चालत नाही.
तो भिंतीला धडकतो, जागच्या जागी गरगरतो
आणि हातातला भुसा तिथेच टाकून देतो
मजुरी बुडालेल्या हमालासारखा.
म्हणून कोपर पाच फाकींचं:
चार सांधे, दर सांध्याला साडेबावीस अंश.
प्रत्येक फाक इतकी थोडी वळते
की आपण वळलो हे कुणालाच कळत नाही,
आणि शेवटची निघते ती थेट पिंपाकडे.

पहिलं बेचकं फुकट गेलं.
चुण्या पाडलेलं तोंड वाऱ्याच्या पुढच्या अंगाला हवं,
हे मला तिसऱ्या दिवशी, भांडी घासताना आठवलं.
दुसऱ्याच्या काखेत करंगळी जाईल एवढी फट.
तिसरं बसलं.
वीबं रिवेट मारायचा, फ्रिजियन भाषेत आकडे मोजायचा,
सतराव्याला हमखास चुकायचा.
आभार मानायची त्याला सवय नाही.
बिस्किटांचा डबा माझ्या बाजूला सरकवला, बस.
माझ्या अंगठ्याला पत्र्यानं दोन जागी चावलं होतं,
त्याबद्दल डब्यात आणखी एक बिस्कीट.

शेवटच्या सांध्यावर चंदेरी टेप चिकटवली,
रंध्याजवळची झडप उघडली,
बटण.
शेड अशी श्वास घेऊ लागली
की छताच्या कैचीवरची जळमटं एका दिशेला वळली.
आणि बाकावरचा माझा नकाशा,
तो लाटेचा पुठ्ठा, उचलला गेला,
झडपेच्या तोंडाशी क्षणभर आडवा झाला, दुमडला,
गेला.

आम्ही दोघं माना वर करून ऐकत राहिलो:
खडखड, पहिलं कोपर.
दुसरं. बेचकं. पुढचं लांब आडवं नळकांडं.
कुठेही अडला नाही.
पिंपात धप्प.
वीबं एवढा हसला की खोकलाच लागला.

पिंपात हात मी घातला, त्याला घालू दिला नाही.
खांद्यापर्यंत भुसा, तोंडाला मास्क,
पुठ्ठ्याचा एक कान हाताला लागला.
झटकला. सपाट केला. मागच्या बाजूला लिहिलं,
दीडशे मिलीमीटर, पंचेचाळीस अंश, तोंड बघून लावणे,
आणि कातरीशेजारच्या खिळ्याला टांगला.

त्या रात्री खिडकी उघडीच ठेवली, थंडी होती तरी.
तो खोकला. थोड्या वेळानं पुन्हा.
मग बराच वेळ
नुसती नदी.